अठरा नंबरचा धर्मबाप

"डाबरे घराण्याच्या इतिहासाचे आजपासून दोन भाग पडतील," एडविन म्हणाला. "एक हेनिंगच्या आधीचा आणि एक हेनिंगनंतरचा."

हे वाक्य तो स्टुलावर उभा राहून म्हणाला. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात हॉटेलच्या ड्युटीचा टाय, आणि खाली घरातली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, कारण पँट चुरगळेल म्हणून ती पाहुणा लिफ्टमध्ये शिरल्यावरच चढवायची असं ठरलं होतं. हातात काच पुसायचं फडकं होतं.

"इतिहास जरा खाली उतरू दे," इनेज स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्या स्टुलावर मला तळायच्या फुग्यांच्या पिठाचं पातेलं ठेवायचंय."

एडविन उतरला नाही. तो फ्रेम पुसत राहिला. आखातातल्या अल मनखूल वस्तीच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या बरोबर समोर, जिथे गेली बावीस वर्षं त्याच्या वडिलांचा फोटो होता, तिथे आता एक पिवळी जर्सी काचेत होती. छातीवर स्वीडनचं चिन्ह, त्याच्याखाली बारीक भरतकामात काहीतरी, आणि मधोमध निळा अठरा. फ्रेम जवळच्या करामा भागातल्या दुकानातून साडेचारशे दिरहॅमला बनवून आणली होती. "म्हणजे साडेदहा हजार रुपये," असं एडविन प्रत्येक पाहुण्याला सांगे, आणि पाहुणा काही बोलायच्या आत, "पण वस्तूकडे बघा," असंही सांगे.

पास्कोल डाबरे, ज्यांनी बहारीनच्या तेल कंपनीच्या मेसमध्ये उभं आयुष्य ऑम्लेटं उलटून हे सगळं घराणं समुद्रापलीकडे आणलं, ते आता वॉशिंग मशीनच्या वर होते. मशीन कपडे पिळायला लागलं की ते थरथरत. इनेजला वाटे, सासरे आयुष्यात जे बोलले नाहीत ते आता बोलायचा प्रयत्न करतायत.

जर्सीची कथा घरात पाठ होती. दोन वर्षांपूर्वी हेनिंग ब्रोमान हा स्वीडनकडून खेळलेला फुटबॉलपटू, वयाच्या पस्तिशीत, इथल्या एका दुय्यम क्लबाकडे आला. व्हिला तयार होईपर्यंत क्लबाने त्याला एडविनच्या हॉटेलात ठेवलं. एडविन तिथे गेस्ट रिलेशन्समध्ये. एके सकाळी लिफ्टसमोर हेनिंग धावत आला, एडविनच्या हातात ही जर्सी ठेवली, खांद्यावर थाप मारली आणि क्लबाच्या बसकडे पळाला.

"एक शब्द बोलला नाही!" एडविन सांगे. "थोर माणसं बोलत नसतात. देतात."

त्या संध्याकाळी इनेज जर्सी मशीनमध्ये टाकायला निघाली, तेव्हा एडविनने अशी किंकाळी फोडली की शेजारची माहनूर दार वाजवून विचारून गेली, सब खैरियत? "आंतरराष्ट्रीय घाम आहे तो!" एडविन म्हणाला होता. घामासकट जर्सी काचेत गेली, कडा सिलिकॉनने बंद झाल्या. तरी ऑगस्टच्या दमट हवेत एसी बंद पडला की सिलिकॉनमधूनही आंतरराष्ट्रीय वास येई.

पुढची मैत्री मोबाइलवर. एडविन रोज सकाळी हेनिंगला गुलाबाच्या फुलावर 'गुड मॉर्निंग' लिहिलेलं चित्र पाठवायचा. उलट टपाली एक अंगठा यायचा. एडविन याला पत्रव्यवहार म्हणत असे. जेवायचं आमंत्रण त्याने नाताळ, ईस्टर आणि दोन्ही वाढदिवस धरून अनेकदा दिलं. दर वेळी अंगठा.

आणि मग गेल्या आठवड्यात चमत्कार घडला. नातवाला जर्सीसमोर धरून काढलेला फोटो एडविनने पाठवला, तर मिनिटाच्या आत अंगठ्याऐवजी शब्द आले. 'मला तुमच्या घरी यायला आवडेल. लवकर आलो तर चालेल का? पुढच्या आठवड्यात मी देश सोडतोय.'

"बाळाने जिंकलं त्याला," एडविन म्हणाला, आणि त्याच रात्री ठरवून टाकलं की बाप्तिस्म्याला नातवाचा धर्मबाप हेनिंगच.

आता धर्मबापाची जागा काही रिकामी नव्हती. मुलगी एलिशा पोटुशी होती तेव्हापासून ती इनेजच्या धाकट्या भावाची, डेरिकची होती. डेरिक अठ्ठावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, मुसाफाच्या औद्योगिक भागात एका कंपनीच्या गोदामाचा स्टोअरकीपर. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या मागच्या खोलीत राहणारा. एलिशाचं सगळं लहानपण त्याच्या खांद्यावर गेलं होतं. त्याला स्वतःचं म्हणून कुणी नव्हतं, आणि उद्याच्या बाप्तिस्म्यानंतर एक असणार होतं. वसईला जाऊन त्याने बाळाचे पांढरे कपडे आणि मेणबत्ती आणली होती. मेणबत्ती मोडू नये म्हणून विमानात पूर्ण वेळ मांडीवर धरून बसला होता.

एडविनने त्याला फोनवर सांगितलं, "डेरिक, तू घरचाच आहेस. तू कॅमेरा सांभाळ."

*

डेरिक साडेपाचला आला. सोफ्यावर बसला नाही, जर्सीकडे पाहिलं नाही, तडक स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीजला टेकून उभा राहिला. खांद्यावरची पिशवी त्याने खाली ठेवली नाही.

"बस ना," इनेज म्हणाली.

"कॅमेरावाले बसत नसतात, बाय."

"मला टोमणे नको मारू. मी काय केलं?"

"काही केलं नाहीस. तेच म्हणतोय."

इनेजने तेलात एक फुगा सोडला. तो टम्म फुगून स्वतःच उलटला. तिच्या घरात वेळेवर स्वतःहून उलटणारी तेवढी एकच गोष्ट होती.

"एडीला तू ओळखतोस," ती म्हणाली. "त्याला गोऱ्या माणसाने नाव घेऊन हाक मारली की तीन दिवस तो कॉलर वर करून झोपतो. मी बोलले असते तर त्याने हट्टाने धर्ममायसुद्धा गोरीच आणली असती."

"आणि एलिशा?"

"तिने म्हणे 'गॉडफादर' लिहून फोटो टाकलाय. सातशे लोकांना आवडला. आता सातशे लोकांना काय तोंड दाखवायचं?"

डेरिकने खिशातून मोबाइल काढला. "बरं, एवढा मोठा माणूस आहे तर बघू तरी केवढा आहे." चष्मा कपाळावर चढवून तो वाचू लागला. मालाची नोंद तपासताना तो असाच वाचायचा. "ब्रोमान, हेनिंग. जन्मगाव उत्तरेकडे कुठेतरी. पहिला क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा. मग हॉलंड. मग तुर्कस्तान, एकच वर्ष. परत स्वीडन. ग्रीस. परत स्वीडन. एक्झिट-रीएंट्रीचा व्हिसा होता वाटतं याचा. हां, हे बघ. देशाकडून सामने, एकतीस."

"एकतीस बरे असतात का?"

"थांब. गोल..." डेरिक थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आठवड्याभरात पहिल्यांदा प्रकाश पडला. "शून्य."

"शून्य म्हणजे?"

"शून्य म्हणजे भावजींच्या डोक्यावर जे आहे ते."

"असं कसं? एकतीस वेळा उतरला ना मैदानात?"

"एकतीस वेळा. राष्ट्रगीत म्हटलं असेल आणि घरी गेला असेल. बाय, आपल्या गावी नंदाखालला लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे असा सामना होता ना, त्यात फादर सिल्वेस्टरनी एका हाताने झगा वर धरून दोन मारले होते! दोन! आणि ते तर पंच होते!"

इनेज हसली. पहिलं हसू तोंडावर हात ठेवून, दुसरं हात काढून.

एवढ्यात दाराचं कुलूप वाजलं आणि एलिशा बाळाला घेऊन आली. ऊद मेथाच्या चर्चच्या ऑफिसातून येत होती. ट्रॅफिकने तिचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. तिचा नवरा एअरपोर्टवर ड्युटीला, त्यामुळे सगळी धावपळ तिची. "मम्मी, आय कान्ट. पार्किंगच नव्हतं. हाय मामा." मामाकडे तिने नीट पाहिलं नाही.

"एलिशा, हे शून्य काय आहे?" डेरिकने मोबाइल पुढे केला.

"ओह मामा, प्लीज. ही इज अ डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. इट्स नॉट अबाउट गोल्स."

"मग कशाबद्दल असतं?"

"लाइक... शेप. टीमला शेप देतो तो."

"शेप तर तुझ्या डॅडीच्या पोटालाही आहे. त्याला कुणी देशाकडून बोलावलं नाही."

"मामा, यू आर बीइंग मीन."

"हो," डेरिक प्रामाणिकपणे म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. मग एकदम ताठ झाला. "थांबा, थांबा. आहे! एक गोल आहे!"

इनेजला उगाच थोडं वाईट वाटलं. "कुणाविरुद्ध?"

डेरिकने स्क्रीनवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग मोबाइल अगदी हळू, वेदीवर ठेवावा तसा, ओट्यावर ठेवला.

"स्वीडनविरुद्ध," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात जो हशा झाला त्याने बाळ जागं झालं, आणि बाहेरून एडविन ओरडला, "यल्ला, यल्ला, खलास करा गप्पा! तो लिफ्टमध्ये आहे! माझी पँट कुठाय?"

*

हेनिंग ब्रोमान सातला यायचा होता, आणि सातला आला. सात म्हणजे सात. या घरात सातला बोलावलेला माणूस साडेआठला 'ऑन द वे' असतो, त्यामुळे दार उघडलं तेव्हा एडविनची पँट होती पण पट्टा नव्हता.

इनेजने दोन वर्षं एडविनच्या तोंडून ऐकलेला माणूस आणि दारातला माणूस यांत बरंच अंतर होतं. दारातला माणूस मध्यम उंचीचा, केस विरळ, एका गुडघ्यावर पट्टा. हातात बिस्किटांचा डबा. त्याने बूट काढले आणि भिंतीला लावून, जोडीने, टोकं दाराकडे करून ठेवले. इनेजने हे पाहिलं. एडविनचे बूट कधीही एका खोलीत सापडलेले नाहीत.

आत येताच त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली.

"बघ," एडविन इनेजच्या कानात कुजबुजला. "डोळे भरून आलेत."

इनेजने निरखून पाहिलं. डोळे भरले नव्हते. विमानतळाच्या पट्ट्यावर आपली बॅग दुसऱ्याच माणसाने उचललेली दिसली की चेहरा जसा होतो, तसा तो चेहरा होता. पण इनेजने ते मनातच ठेवलं, कारण फुगे करपत होते.

जेवताना हेनिंगने डुकराच्या झणझणीत इंदियाल-रश्शाचा पहिला घास घेतला, कपाळावर घाम आला, आणि तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." मग त्याने फुगे धरले. एकामागून एक, शांतपणे, न बोलता. इनेजला तो आवडायला लागला, आणि तिला स्वतःचा थोडा राग आला.

"हेनिंग, यांना सांग," एडविन म्हणाला, "देशासाठी खेळताना काय वाटतं?"

"थंडी," हेनिंग म्हणाला. "बहुतेक वेळा थंडी."

"हंबल आहे!" एडविन सगळ्यांना म्हणाला.

डेरिकने फुगा मोडला. त्याचं इंग्रजी साइटवरचं होतं, सरळ, मधले शब्द गाळून. "मिस्टर हेनिंग. थर्टी-वन मॅच, झिरो गोल. व्हाय?"

"डेरिक!" एडविन.

"विचारू दे," हेनिंग म्हणाला. त्याने मिठाची डबी, लोणच्याची बाटली आणि दोन फुगे ताटासमोर मांडले. "हे पुढचे लोक. ते गोल करतात. हे मागचे, गोल वाचवतात. मी इथे." त्याने डाळीचा चमचा मध्ये ठेवला. "समोरच्यांकडून बॉल काढून घ्यायचा आणि आपल्यातला जो चांगला माणूस सगळ्यात जवळ असेल, त्याला द्यायचा. बस."

"बस?" डेरिक.

"बस. सतरा वर्षं."

"आणि लोक टाळ्या वाजवतात?"

"त्याच्यासाठी वाजवतात." त्याने लोणच्याच्या बाटलीकडे बोट केलं. "मी चुकलो की मात्र माझं नाव सगळ्यांना येतं."

डेरिक चमच्याकडे बघत राहिला. मग इनेजकडे वळून मराठीत हळूच म्हणाला, "बाय, हा तर स्टोअरकीपर आहे."

"काय?"

"माल आला, घेतला, ज्याला लागतो त्याला इश्यू केला. माल कमी पडला की सगळे डेरिक डेरिक ओरडतात, पुरला की इंजिनियरचं कौतुक. अगदी माझ्याच लाइनीतला निघाला हा."

संध्याकाळपासून ज्या माणसाची चटणी करत होता त्याच्या ताटात डेरिकने आपल्या हाताने इंदियालची मोठी फोड वाढली. इनेजने कपाळाला हात लावला. तिची बाजू घेणारा एकच माणूस होता, तोही मिठाच्या डबीने फोडला. पण डेरिकच्या मनातली एक गाठ अजून सुटली नव्हती, कारण वाढता वाढता तो म्हणालाच, "पण एक गोल आहे ना तुमचा. एकच."

हेनिंगचा हात थांबला.

"वरती जर्सीवर मॅचची तारीख शिवलीय," डेरिक म्हणाला. "आणि मोबाइलमध्ये त्या गोलाची तारीख आहे. मी आता बघितलं. सेम आहे."

एडविनला हे कळायला वेळ लागला. तो फ्रेमकडे गेला, नाक काचेला लावून भरतकाम वाचलं, परत आला. "म्हणजे? हेनिंगने गोल मारलेली जर्सी आहे ही? हे तर कुणी सांगितलंच नाही!"

"भावजी, स्वतःच्याच जाळ्यात मारलाय."

एलिशाने मामाकडे असं बघितलं की बाळसुद्धा दचकलं.

"हो," हेनिंग म्हणाला. "तीच. पाय मध्ये घातला, बॉल वळला. शेवटचा सामना. त्यानंतर देशाकडून फोन आला नाही." तो पाणी प्यायला. "बाकीच्या तीस जर्स्या लोकांनी मागून नेल्या. भाऊ, शेजारी, शाळा. ही कुणी मागितली नाही, म्हणून ही माझ्याकडे राहिली. मी जिथे जातो तिथे नेतो."

"आणि शेवटी ती तू मला दिलीस," एडविन म्हणाला. त्याचा आवाज खरोखर कापला.

हेनिंगने त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मग मिटलं, आणि आणखी एक फुगा घेतला.

*

डाबऱ्यांच्या घरात धर्मबाप विचारायची एक रीत आहे. विचारायचं नाही. जेवण झालं की न बोलता बाळ त्या माणसाच्या हातात द्यायचं. त्याने घेतलं की होकार. पास्कोलच्या आजोबांपासून ही रीत, आणि आजवर कुणी बाळ परत केलेलं नाही. एकदा तार द्यायला आलेल्या एका पोस्टमनच्या हातात क्षणभर बाळ दिलं, तर त्याला पुढे त्या पोराच्या लग्नापर्यंत सगळं निभवावं लागलं होतं.

एडविनने एलिशाच्या मांडीवरून बाळ उचललं, टाय सरळ केला, आणि सगळ्या इतिहासाचं ओझं दोन हातांवर घेऊन ते हेनिंगच्या हातात दिलं. हेनिंगने घेतलं. दुसरं काय करणार? कुणी बाळ दिलं की माणूस घेतो. नीट घेतलं, मानेखाली हात देऊन. एडविनने डोळे मिटले. डेरिक कॅमेरा शोधायला लागला. त्याची पिशवी अजून खांद्यावरच होती आणि त्यातून मेणबत्तीचं टोक बाहेर डोकावत होतं. इनेजला ते टोक दिसलं.

"एलिशा," ती म्हणाली, "चर्चच्या ऑफिसात काय म्हणाले तुला?"

एलिशाने आठवल्यासारखं केलं. "ओह. हां. नथिंग मच. गॉडफादरचं कन्फर्मेशन सर्टिफिकेट लागतं. कॅथलिक असल्याचं. उद्या मासच्या आधी द्यायचंय. हेनिंग, यू हॅव इट, राइट? फोटो असला तरी..."

"कसलं?" हेनिंगने विचारलं.

"यू आर कॅथलिक?"

"नाही."

"ठीक आहे, ठीक आहे," एडविन म्हणाला. "दुसरा कुठला ख्रिश्चन. युरोपात थोडे वेगळे असतात. फादरशी मी बोलतो, इन्शाल्ला काहीतरी—"

"मी कुठल्याच चर्चमध्ये नाही," हेनिंग म्हणाला. "लहानपणी होतो. एकोणिसाव्या वर्षी पहिलं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा सोडलं. आमच्याकडे चर्चमध्ये असलं की पगारातून टॅक्सबरोबर चर्चचाही हिस्सा कापतात. फॉर्म भरला की कापायचं थांबतं."

एडविन खुर्चीवर बसला. त्याच्या आवाजात हताश भीती होती. "टॅक्स वाचवायला? टॅक्स वाचवायला माणूस देवाला सोडतो?"

"तू टॅक्स वाचवायला देश सोडलास," इनेज म्हणाली. "देव निदान मागून येतो."

डेरिक खोकला. एलिशाने हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ती मम्मीच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. बऱ्याच दिवसांत ती या बाजूला बसली नव्हती.

"हसा!" एडविन उठला. "सातशे लोकांना सांगितलंय! वसईत सांगितलंय! नंदाखालच्या मंडळाने अभिनंदनाचा बोर्ड लावलाय नाक्यावर! त्यावर जर्सीचा फोटो आहे!"

"गोलाच्या तारखेसकट?" डेरिकने विचारलं.

"तू गप रे! तुला पहिल्यापासून पोटात दुखतंय!"

"हो, दुखतंय," डेरिक म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "दुखणारच ना, भावजी. या पोरीला सायकल मी शिकवली. तिच्या पोराला वेदीसमोर धरायला मला कुणी नाही म्हणेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात कॅमेरा सांभाळ. आणलाय कॅमेरा." त्याने तो टेबलावर ठेवला, लोणच्याच्या बाटलीशेजारी.

एलिशाचं हसू थांबलं. एडविन जर्सीकडे बघत होता, जणू तीच काहीतरी बोलेल.

मराठीतलं हे भांडण हेनिंगला कळलं असणं शक्य नव्हतं. पण सतरा वर्षं ज्या माणसाने मैदानात दुसऱ्यांचे चेहरे वाचले त्याला शब्द कशाला लागतात? त्याने एडविनकडे पाहिलं, डेरिकच्या पिशवीतल्या मेणबत्तीकडे पाहिलं. मग उठला, पट्टा बांधलेला गुडघा जपत टेबलाला वळसा घातला, आणि बाळ डेरिकच्या हातात दिलं.

पाय रोवून, बाळाचं डोकं नीट डेरिकच्या कोपराच्या खोबणीत बसेपर्यंत त्याने हात खाली धरून ठेवला, आणि मग बाजूला झाला.

डाबऱ्यांच्या रीतीत बाळ परत करता येत नाही. पण पुढे देता येतं की नाही, याबद्दल पास्कोलच्या आजोबांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

बाळाने जांभई दिली.

"मामा," एलिशा हळूच म्हणाली, "तुझं सर्टिफिकेट आहे?"

"पिशवीत," डेरिक म्हणाला. "लॅमिनेट करून आणलंय. कप्प्यात बघ, कपड्यांच्या खाली. कपडे चुरगळू नको."

"डॅडी?" एलिशाने विचारलं.

एडविनने खुर्ची ओढली, बसला आणि टाय सैल केला. "लॅमिनेट केलंय म्हणजे आता काय," तो पुटपुटला. "पण बोर्डावरचं नाव बदलायला सांगणार नाही मी. तो फ्लेक्स फुकट नाही येत." इनेजने त्याच्यासमोर फुग्यांची ताटली सरकवली. तिच्या दृष्टीने हा विजय होता, आणि विजयानंतर जेवायला घालायचं असतं.

*

निघताना एडविनने हेनिंगला दारापर्यंत सोडलं. गेली कित्येक वर्षं गेस्ट रिलेशन्समध्ये काढलेला माणूस, पडलेल्या तोंडाने का होईना, पाहुण्याला लिफ्टपर्यंत पोचवतोच. इनेज मागे उभी होती, हातात बिस्किटांच्या बदल्यात डब्यात भरलेले फुगे. आत डेरिक बाळाला वसईतल्या चर्चची माहिती देत होता आणि बाळ झोपलं होतं.

"एक लक्षात ठेव, हेनिंग," एडविन म्हणाला. त्याचा आवाज हळूहळू परत भरत होता. "धर्मबाप नाही तर नाही. कागद काय, कागद चर्चचे असतात. पण या भिंतीवर जोपर्यंत तुझी जर्सी आहे तोपर्यंत तू डाबरे घराण्याचाच आहेस. माझी नातवंडं, पतवंडं, त्यांची पोरं विचारतील, हे कुणी दिलं? आणि आम्ही सांगू."

हेनिंगने एक बूट घातला होता. दुसरा हातात होता. तो वाकलेला सरळ झाला, एडविनच्या खांद्यावरून आत भिंतीकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"एडविन," तो म्हणाला, "त्या दिवशी माझी बस सुटत होती. रिसेप्शनवर खूप गर्दी, समोर तुम्हीच दिसलात, हॉटेलचे. नंतर मी लाँड्रीत तीनदा विचारलं, ते म्हणाले आमच्याकडे आलीच नाही. मग तुम्ही बाळाचा फोटो पाठवलात, त्यात मागे दिसली." त्याने बूट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझी आई दर नाताळला विचारते तिच्याबद्दल. तुमची फारशी अडचण होणार नसेल तर मी ती घेऊन जाऊ का? धुतली नसेल तरी चालेल."